उमऱ्याचे पंधरा दिवस आणि झियारत: किती पाहावं, कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा. नेरुळच्या एक आपा मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि जानेवारीत मिस्टर व मुलासोबत पंधरा दिवसांच्या उमऱ्याला, म्हणजे हजव्यतिरिक्तच्या मक्केच्या यात्रेला, निघाल्या आहेत. मिस्टरांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. टूरवाल्याने मक्का आणि मदिना दोन्हीकडची ‘झियारत’, म्हणजे पवित्र स्थळांची भेट, ‘फ्री’ दिली आहे, शिवाय जादा पैसे भरले तर अल-उला दाखवतो म्हणतो. दीर मात्र म्हणतात, हरम, म्हणजे पवित्र मस्जिद, सोडून डोंगर बघत फिरायचं असेल तर उमऱ्याचं नाव कशाला घेता? आपांना विचारायचं आहे की झियारत करावी का, कुठली करावी आणि कोणत्या क्रमाने.

अस्सलामु अलैकुम आपा,

मी राबोडीत राहतो. गेली बावीस वर्षं ठाणे, मुंब्रा, कौसा, भिवंडी, तळोजा इकडच्या लोकांना उमऱ्याला घेऊन जातोय. हा प्रश्न दर खेपेला कुणी ना कुणी विचारतंच, पण बहुधा तिकडे पोचल्यावर, बसमध्ये चढता चढता. तेव्हा बेत बदलायला जागा उरलेली नसते. तुम्ही दोन महिने आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

आधी दिरांचं बोलू. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. उमरा म्हणजे एहराम (यात्रेचा पोशाख आणि बंधनं), तवाफ (काबाभोवतीच्या फेऱ्या), सई (सफा-मरवामधल्या फेऱ्या) आणि शेवटी केस कापणं. हिरा, उहुद, बद्र यातलं काहीही त्याचा भाग नाही. यातली एकही जागा न पाहता परत आलात तरी तुमच्या उमऱ्यात काडीची उणीव राहणार नाही. मक्केच्या मस्जिदुल हरममधल्या एका नमाजीचा सवाब, म्हणजे पुण्य, लाख नमाजींइतका असतो. तिथे अजान होत असताना आपण कुठल्या तरी दुकानाच्या रांगेत उभे असलो, तर वाईट वाटायलाच हवं. म्हणून माझ्या जमातीत एक नियम मी सहसा मोडत नाही: झियारत फजर (पहाटेची नमाज) आणि जुहर (दुपारची नमाज) यांच्या मधे. जानेवारीत फजर पावणेसहाच्या आसपास आणि जुहर साडेबाराच्या सुमारास असते. मधल्या सहा-साडेसहा तासांत एक जागा नीट पाहून, हॉटेलवर येऊन, वजू करून (हातपाय-तोंड धुऊन) पुन्हा नमाजीच्या रांगेत उभं राहता येतं. जमातीची एकही नमाज चुकत नाही.

दिरांना दुसरंही एक सांगा. मदिनेत असताना पैगंबर साहेब (स.) दर शनिवारी कुबाच्या मस्जिदीला जात, कधी पायी तर कधी सवारीवर, आणि तिथे दोन रकात नमाज पढत. ही सुन्नतच, म्हणजे पैगंबर साहेबांची रीतच, आहे. उमऱ्याच्या जोडीला बाहेर पडावं की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने एवढ्याने मिटतो. उरतो तो कसं पडावं याचा.

ती ‘फ्री झियारत’ म्हणजे काय असते ते मला चांगलं माहीत आहे, कारण सुरुवातीची काही वर्षं मीच ती दिली. सकाळी पन्नास माणसं बसमध्ये घालायची. कुबा, किबलतैन, खंदक, उहुद, मधे खजुराची बाग. उहुदला पंधरा मिनिटं आणि खजुराच्या बागेत पाऊण तास, कारण तिथे ड्रायव्हरला कमिशन असतं. एकदा रात्री जेवताना भिवंडीजवळच्या खेड्यातल्या एक म्हाताऱ्या आजी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाबा, हजरत हमजांची कबर कुठली रे? खजूरवाल्याच्या आदी लागली का मागनं?” आजी आयुष्यभर हमजांची, म्हणजे पैगंबर साहेबांच्या काकांची, गोष्ट ऐकत आल्या होत्या. शेत विकून आल्या होत्या. हमजांच्या कबरीसमोरून मी आजींना नेलं आणि त्यांना कळलंही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर टॅक्सी करून आजींना मी पुन्हा उहुदला नेलं आणि तासभर तिथेच बसलो. तेव्हापासून मी दिवसाला एकच जागा दाखवतो. तुम्हालाही तेच सांगतो. पंधरा दिवसांत मोजकीच ठिकाणं होतील, आणि पुरेशी होतील. फ्री बसला नाही म्हणायला संकोच करू नका. ते पैसे तुमच्या पॅकेजमध्ये धरलेलेच असतात, पण गुडघा तुमच्या घरचा आहे.

आता क्रम. शक्य असेल तर आधी मदिना घ्या. मदिनेला उतरणारं तिकीट मिळालं तर मुंबईहून एहराम बांधायची गरज नाही, विमानातली धावपळ वाचते, आणि मिस्टरांच्या पायाला आठवडाभर सपाट, शांत गावात चालायची सवय होते. सई म्हणजे सफा आणि मरवा यांच्यामधल्या सात फेऱ्या, एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची. म्हणजे तीन किलोमीटरच्या वर नुसती सई, त्याआधी तवाफ. प्रवासाने आंबलेल्या अंगाने पहिल्याच रात्री हे करायला गेलं की पुढचे चार दिवस पाय सुजलेले राहतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. व्हीलचेअर आणि बॅटरीवरच्या गाड्या तिथे मिळतात, त्या घ्यायला लाजू नका.

मदिनेत पहिला दिवस कुठेही जाऊ नका. मस्जिदे नबवी म्हणजे पैगंबर साहेबांची मस्जिद, तिच्यातल्या रियाजुल जन्ना या पवित्र जागेची वेळ सौदी सरकारच्या नुसुक ॲपवरून घ्यावी लागते, ती मुलाला मुंबईतूनच बघायला सांगा. पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, तेव्हा तुमची वेगळी नोंद लागेल. पैगंबर साहेबांच्या कबरीवरच्या हिरव्या घुमटाकडे बघताना तुमच्यातल्या शिक्षिकेला एक गोष्ट आवडेल: तिथे पहिला घुमट १२७९ मध्ये मामलुक सुलतान कलावून याच्या काळात उभा राहिला, आणि हिरवा रंग लागला तो थेट १८३७ साली. आपल्या आजी-पणज्यांच्या नातांमधला, म्हणजे पैगंबर साहेबांच्या स्तुतिगीतांमधला, ‘हरा गुंबद’ हिशेबाने तितका जुना नाही.

दुसऱ्या दिवशी मस्जिदे नबवीच्या आसपासच पायी फिरा. पश्चिमेला थोड्याच अंतरावर गमामा मस्जिद आहे, छोट्या छोट्या घुमटांची. पैगंबर साहेबांनी तिथल्या मोकळ्या मैदानात ईदची नमाज पढवली आणि पावसासाठी दुआ केली असं सांगतात. गमामा म्हणजे ढग. जवळच सकीफा बनी साइदाची जागा आहे, आज तिथे बाग आहे. पैगंबर साहेबांच्या वफातीनंतर (निधनानंतर), ६३२ साली, अबू बक्र (रजि.) यांना खलिफा म्हणून निवडलं गेलं ते इथे. हजारो लोक रोज या बागेच्या कडेने हॉटेलवर जातात. एका बाकावर बसा आणि मुलाला तो प्रसंग तुमच्या पद्धतीने, वर्गात सांगायचात तसा सांगा.

जन्नतुल बकी या मदिनेच्या कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत हे आताच सांगून ठेवतो. पुरुष फजर आणि असरनंतर (दुपारनंतरची नमाज) जाऊ शकतात, तुम्हाला कुंपणाबाहेरून सलाम करावा लागेल. मक्केतल्या जन्नतुल मुअल्लाचंही तेच, जिथे पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) आहेत. दारापर्यंत जाऊन मग हे कळलं की बायका फार हिरमुसतात. आधी माहीत असलं की मन तयार राहतं.

कुबा शनिवारी करा. टॅक्सीने जा. मुलाला हवं तर त्याने मस्जिदे नबवीपासून तीनेक किलोमीटरचा जो पायी रस्ता केला आहे त्यावरून चालत यावं.

उहुदला मात्र पूर्ण सकाळ द्या. ज्याने लढाईचा नकाशा कधी फळ्यावर काढलाय त्याला ही जागा वेड लावते. ६२५ साल. मक्केकरांच्या तीन हजारांच्या समोर मुसलमानांची सातशे माणसं, पाठीशी उहुदचा डोंगर. एका बाजूला छोटी टेकडी, तिला आज जबल अर-रुमात म्हणजे तिरंदाजांची टेकडी म्हणतात. पैगंबर साहेबांनी तिथे पन्नास तिरंदाज ठेवले आणि बजावलं की आम्ही जिंकतोय असं दिसलं तरी जागा सोडायची नाही, हरतोय असं दिसलं तरी मदतीला यायचं नाही. मी काय करतो, जमातीतल्या तरुण पोरांना टेकडीवर पाठवतो (चढ पाच मिनिटांचा आहे) आणि बाकीच्यांना खाली उभं करतो. मग वरच्यांना विचारतो, तुम्हाला तिकडची मोकळी जागा दिसते का? दिसते. खालच्यांना विचारतो, तुम्हाला? नाही. मग वरच्या पोरांना म्हणतो, आता सगळे खाली या. ती उतरायला लागली की मी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो: खालिद बिन वलीद आपले घोडेस्वार घेऊन इकडून आले. ते तेव्हा मुसलमान झाले नव्हते. जिंकलेली लढाई तिथे फिरली. सत्तर शहीद झाले, हजरत हमजा त्यात होते. आणि ते समोरच्या कुंपणात आहेत. यानंतर कुणाला दुआ कशी मागायची ते सांगावं लागत नाही. मिस्टरांनी टेकडी चढायची नाही, खालूनच बघायचं. खालून बघणाऱ्यांचाही त्या नकाशात वाटा आहे.

खंदक आणि किबलतैन एका सकाळी उरका. खंदक आता दिसत नाही, तिथे छोट्या मस्जिदी आहेत. सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने ६२७ मध्ये खणलेला तो चर अरबस्तानाला नवीन होता, एवढं लक्षात ठेवून बघा. किबलतैनमध्ये किबला, म्हणजे नमाजीची दिशा, बैतुल मुकद्दसकडून (जेरुसलेमकडून) काबाकडे वळला, हिजरी सन २ मध्ये.

आणि एक अशी जागा जी कुठल्याच बसच्या यादीत नसते: हिजाज रेल्वेचं जुनं स्टेशन. मस्जिदे नबवीपासून गाडीने काही मिनिटांवर. ऑटोमन सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने १९०० साली दमिश्कहून हा मार्ग बांधायला घेतला, १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोचली, सुमारे १३०० किलोमीटर. पैसा जगभरच्या मुसलमानांनी वर्गणीने दिला, त्यात हिंदुस्थानातल्या मुसलमानांचीही रक्कम होती. उंटांच्या तांड्याने जो रस्ता चाळीसेक दिवसांचा, तो गाडीने काही दिवसांवर आला. बेत मक्केपर्यंत न्यायचा होता, तो कधी पुरा झाला नाही. पहिल्या महायुद्धात रूळ उखडले गेले. आज तिथे संग्रहालय आहे, जुनं इंजिन आणि डबे ठेवलेत. आपण ठाणेकर. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून जिथे येऊन थांबली त्या गावचे. माझ्यासोबत आलेले रेल्वेतले एक निवृत्त मोटरमन त्या इंजिनाच्या चाकावर हात ठेवून किती तरी वेळ उभे होते. पुढे तुम्ही मदिनेहून मक्केला जाल ते हरमैन रेल्वेने जा. २०१८ मध्ये सुरू झालेली ही गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावते आणि सव्वादोन-अडीच तासांत पोचवते. जुनं स्टेशन आधी बघितलं असलं की नव्या गाडीत बसताना काही वेगळंच वाटतं. एहराम हॉटेलवर बांधून निघा, उमऱ्याची नियत (संकल्प) मीकात, म्हणजे एहरामची ठरलेली हद्द, ओलांडायच्या आत करा.

बद्र मदिनेपासून साधारण दीडशे किलोमीटर आहे. मदिनेत सहा दिवस असतील आणि मिस्टरांचा पाय बरा असेल तरच एक सकाळ द्या. फजर होताच निघायचं आणि जुहर वाटेत पढायची तयारी ठेवायची. माझ्या नियमाला हा एकच अपवाद. तिथे फारसं काही बांधलेलं नाही. वाळूचा डोंगर, खजुराची झाडं, आणि चौदा शहिदांची नावं कोरलेली शिळा. पण तीनशे तेरा माणसं सुमारे हजार जणांसमोर कुठल्या वाळूत उभी राहिली ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

अल-उला. इथे मी स्पष्टच सांगतो: या खेपेला नको. जागा विलक्षण आहे यात वाद नाही. तिथलं हेग्रा, म्हणजे मदाइन सालिह, २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, सौदीतलं पहिलं ठिकाण. नबाती या प्राचीन अरब लोकांनी उभ्या खडकात कोरलेल्या शंभरावर कबरी आहेत. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला ते कोरीवकाम ओळखीचं वाटेल. पण दोन अडचणी आहेत. एक, मदिनेपासून तीनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन दिवस संपला आणि गुडघाही. दुसरी मोठी. कुरआनात ज्या समूद कौमेवर अजाब, म्हणजे अल्लाहचा कोप, आल्याचं आहे तिची ही वस्ती, अल-हिज्र. तबूकला जाताना पैगंबर साहेब तिथून गेले तेव्हा त्यांनी सोबतच्यांना सांगितलं की इथे शिरायचंच तर रडत शिरा, आणि स्वतः डोकं झाकून वेगाने पुढे गेले. बुखारीच्या संग्रहात ही हदीस (पैगंबर साहेबांच्या वचनांची नोंद) आहे. यावरून तिथे पर्यटनाला जावं की नाही यात आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत नाही. तुमच्या मनात इतिहासाची ओढ आहे, दिरांच्या मनात शंका आहे, आणि उमऱ्याच्या मधोमध घरात हा वाद नको. पुढे कधी मुलासोबत वेगळा व्हिसा काढून सवडीने जा, तेव्हा तुमचा तुम्ही निर्णय घ्या. टूरवाला ‘उमरा प्लस’ म्हणून विकतो म्हणून जाऊ नका.

मक्केला आल्यावर उमरा करा आणि पुढचे दोन दिवस फक्त हरम. मग हिरा, म्हणजे जबल-ए-नूर डोंगरावरची गुहा.

जबल-ए-नूर चढायला चांगल्या तब्येतीच्या माणसाला तास-दीड तास लागतो. पायऱ्या हजारावर आहेत आणि कमी-जास्त उंचीच्या आहेत, कठडा सगळीकडे नाही. हाजी मलंग चढणाऱ्या आपल्या लोकांना वाटतं, त्यात काय. पण तिथे वाटेत सावली आणि दुकानं आहेत, इथे उघडा तापलेला खडक. दुसऱ्या एका जमातीतल्या गृहस्थांना मी दहा वाजता उन्हात अर्ध्या वाटेवर कोसळलेलं पाहिलंय, चौघांनी उचलून खाली आणलं. तेव्हा फजर होताच निघायचं, प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, पायात बूट. चपला नाहीत. मिस्टरांनी चढायचं नाही. पण त्यांनी हॉटेलवरही बसू नये. डोंगराच्या पायथ्याशी आता हिरा सांस्कृतिक परिसर केला आहे, तिथे वही म्हणजे पहिल्या प्रकटीकरणावरचं प्रदर्शन आहे, नीट आणि शांत. तुम्ही आणि मुलगा वर जा, ते खाली थांबतील. कधी उघडतं तेवढं आदल्या दिवशी विचारून घ्या.

वर गुहा अगदी लहान आहे, जेमतेम साडेतीन-पावणेचार मीटर लांब, आणि आत जाण्यासाठी रेटारेटी असते. आत शिरण्याचा हट्ट धरू नका. मी सगळ्यांना गुहेच्या थोडं अलीकडे बसवतो आणि खाली शहराकडे बघायला सांगतो. ‘इकरा’, वाच, हा कुरआनचा पहिला शब्द इथे उतरला, साल ६१०. लोक वर चढण्याचाच विचार करतात. पण हदीसमध्ये उतरणं आहे. तोशा (शिदोरी) संपला की पैगंबर साहेब खदीजांकडे घरी यायचे आणि पुन्हा घेऊन जायचे. आणि त्या रात्रीनंतर ते थरथरत उतरले ते थेट घरी, आणि म्हणाले, मला पांघरूण घाला. मक्का तिथून अनेक किलोमीटर. उतरताना प्रत्येक पायरीवर हे मनात ठेवून बघा. माझ्या जमातीतल्या कित्येक बायका उतरताना रडल्या आहेत, चढताना नाही.

सौरचा डोंगर, जिथे हिजरतीच्या, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याच्या, वेळी पैगंबर साहेब आणि अबू बक्र तीन रात्री लपले, तो हिराहून कठीण आहे. पायथ्याशी गाडी थांबवून बघा, पुरे.

अरफात, मुजदलिफा, मिना ही हजच्या विधींच्या जागांची फेरी गाडीतून करा. अरफातच्या मैदानात हजारो कडुलिंब लावलेले दिसतील. आपल्या अंगणातलं झाड तिकडे भेटलं की आपली माणसं गाडी थांबवायला लावतात. ड्रायव्हरला आधी एक गोष्ट ठरवून सांगा: जुबैदाचा कालवा दाखवायचा. तो विचारल्याशिवाय दाखवत नाही. खलिफा हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिने बाराशे वर्षांपूर्वी हाजींसाठी वादी नुमानमधून पाणी आणलं. डोंगराच्या कडेकडेने जाणारी ती दगडी चर अरफात-मुजदलिफाच्या बाजूला अजून दिसते. शतकानुशतकं दुरुस्त होत ती विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. नेरुळमध्ये नळ सोडला की मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यामुळे पाण्याचं मोल आपल्याला पटकन आठवत नाही. त्या उघड्या डोंगरात ती चर बघा, कुठेही एकदम उतार नाही, कुठेही चढ नाही, मैलच्या मैल फक्त किंचित कल. इतिहासाच्या पुस्तकात हारूनवर पानं असतात, जुबैदावर ओळ असते. हाजींच्या तोंडी मात्र नाव जुबैदाचं राहिलं, नहर-ए-जुबैदा.

काबावरचं आच्छादन, म्हणजे गिलाफ किंवा किस्वा, जिथे विणला जातो तो कारखाना आधी परवानगी काढून गटाने बघता येतो. टूरवाल्याकडून अल-उलाऐवजी हे मागून घ्या. सुमारे ६७० किलो रेशीम, सोन्याची आणि चांदीची जर, एकेक करून ४७ तुकडे जोडलेले. पूर्वी हजच्या दिवशी, ९ जिल्हिजला बदलत, २०२२ पासून १ मोहरमला बदलतात. माझ्यासोबत भिवंडीचे एक चाचा होते, पन्नास वर्षं यंत्रमागावर काढलेले. बाकी सगळे सोनेरी अक्षरांचे फोटो काढत होते. चाचा जकार्ड मागासमोर डोळे मिटून उभे. मला वाटलं दुआ मागतायत. मी जवळ गेलो तर म्हणाले, “ऐकतोय. ताणा बरोबर आहे.” नंतर जर भरणाऱ्या कारागिराच्या बोटांकडे ते वाकून बघत राहिले. कारागिराने मान वर केली आणि चाचांचे हात बघून सुई त्यांच्यापुढे धरली. चाचांनी ती घेतली नाही. आपले हात कापतात म्हणाले. फक्त कडेच्या कापडाला दोन बोटं लावून पाहिली, जशी भिवंडीत थान उलगडल्यावर लावतात तशी. या विणकामाचा आपल्याशी संबंध आहेच: गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात मक्केत गिलाफचा कारखाना निघाला तेव्हा विणकर हिंदुस्थानातून बोलावले होते. जवळच हरमैनच्या (मक्का-मदिनेच्या दोन्ही हरमांच्या) बांधकामाचं संग्रहालय आहे, त्यात काबाचा जुना दरवाजा आणि जमजमच्या विहिरीवरचं जुनं साहित्य आहे. दोन्ही मिळून एक सकाळ. चालणं कमी, म्हणून मिस्टरांसाठी उत्तम.

ताइफ मक्केहून नव्वदेक किलोमीटर, हदाच्या घाटाने वर. थंड हवा, सुंदर रस्ता. पण ताइफचे गुलाब मार्च-एप्रिलमध्ये फुलतात, जानेवारीत नाहीत, आणि घाटाने काहींना उलट्या होतात. तुमच्या पंधरा दिवसांत मी ते बसवणार नाही. गेलातच तर परतताना दुसरा उमरा करायचा असेल तरच कर्नुल मनाजिल या मीकातला एहराम बांधावा लागतो. आपण कोकणी मुसलमान शाफई, आपल्या मजहबात (धर्मशास्त्राच्या शाखेत) उमऱ्याची नियत नसेल तर एहरामशिवाय मक्केत परतता येतं. हनफी शाखेचे कुणी सोबत असतील तर त्यांचा मसला वेगळा, त्यांनी आपल्या इमामांना विचारावं.

एक गोष्ट मनाला लागेल, म्हणून आधीच सांगतो. मक्केत जुनं फार कमी उरलं आहे. घड्याळाच्या ६०१ मीटर उंच मनोऱ्याखाली जिथे हॉटेलं आहेत तिथे अजयादचा ऑटोमन किल्ला होता, तो २००२ साली पाडला. पैगंबर साहेबांचा जन्म झाला असं मानतात त्या जागेवर वाचनालयाची साधी इमारत आहे. बकीच्या कबरींवरचे घुमट १९२५-२६ च्या सुमारास गेले. कोणी म्हणतं गर्दीसाठी, कोणी म्हणतं शिर्क, म्हणजे अल्लाहशिवाय दुसऱ्याची पूजा, टाळण्यासाठी. तिथे उभं राहून शिपायाशी वाद घालू नका, भिंतींना हात लावून चुंबन घेऊ नका, माती-दगड पिशवीत भरू नका. इमारत नसली तरी जागा तीच आहे, आणि सांगणारं कुणी सोबत असलं तर तेवढं पुरतं. म्हणून तर मी तुम्हाला म्हणतोय की मुलाला तुम्हीच सांगा.

परतीचं विमान जेद्दाहून असेल तर शेवटचा अर्धा दिवस जेद्दाच्या जुन्या शहरासाठी, अल-बलदसाठी ठेवा. यासाठी मी हट्ट धरेन. सन ६४७ मध्ये खलिफा उस्मान (रजि.) यांनी जेद्दाला मक्केचं बंदर ठरवलं, आणि तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरून निघालेले बहुतेक हाजी इथे उतरले. सुरतेला तर बाब-उल-मक्काच म्हणत, आपल्या कोकणातून दाभोळहूनही जहाजं जात. माझे आजोबा मुगल लाइनच्या बोटीने गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदीतून बोट, आणि आठवडाभर पाणी. लोखंडी पेटी, तांदूळ, सुकी मासळी, आंब्याचं लोणचं. येताना डाग देऊन बंद केलेला जमजमचा डबा. मुंबईहून जाणाऱ्या हाजींच्या बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या. आज तुम्ही पाच-सहा तासांत पोचता.

अल-बलदची घरं समुद्रातल्या प्रवाळ दगडाची आहेत. आपल्याकडे जांभा, तिकडे प्रवाळ. घरांना बाहेर आलेले कोरीव लाकडी सज्जे आहेत, त्यांना रौशन म्हणतात. लाकूड बरंचसं हिंदुस्थान आणि जावाकडून आलेलं. २०१४ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. नसीफांचं घर बघाच, १८८१ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या दारातलं झाड कडुलिंबाचं आहे, आणि एके काळी त्या गावातलं ते एकमेव झाड म्हणून घराची खूण सांगत. गल्ल्या सपाट आहेत, बसायला चहाची दुकानं आहेत, मिस्टरांना जमेल. मात्र सामान कुठे ठेवायचं ते आधी ठरवा, बॅगा घेऊन तिथे फिरता येत नाही.

आता नेरुळमध्ये करायचं. आजपासून दोघांनी रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर चाला, आधी अर्धा तास, मग वाढवत तासभर. निघण्याआधी एकदा तरी सलग तीन किलोमीटर त्याच चपलांनी, ज्या तिकडे वापरणार आहात. मुलाला आणि तुम्हाला हिराला जायचंय, तर चार-पाच रविवार पारसिकच्या टेकडीवर जा. मदिनेत जानेवारीच्या रात्री थंडी पडते, शाल घ्या. मिस्टरांच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून वेदनेची गोळी आणि गुडघ्याचा पट्टा हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. परवाने, वेळा, प्रवेश हे तिकडे वरचेवर बदलतं, ते निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

टूरवाल्याला फोन कराल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: मदिना आधी मिळेल का, किस्वाच्या कारखान्याची परवानगी काढाल का, आणि शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं आहे का. रात्रीचं असेल तर जेद्दा जमेल. सकाळचं निघालं तर मला कळवा, बेत पुन्हा मांडून देतो.